‘अजून नाही’ म्हणण्याचे काम: क्रीडा-फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीस उत्तर

सिन्नरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ती बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, स्वतः विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळली आहे आणि तिला क्रीडा-फिजिओथेरपीतच काम करायचे आहे. इंटर्नशिप संपताच एमपीटीएचला, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्यावा का, त्यासाठी नाशिक सोडावे लागेल का आणि एवढे करून घर चालेल इतके मिळते का, असे तिने विचारले आहे. पत्राच्या शेवटी तिने वडिलांचे वाक्यही जोडले आहे: ‘एवढे शिकून मैदानावर जाऊन पोरांचे पायच चोळायचे का?’

मी नाशिकमध्ये गेली १९ वर्षे हे काम करते आहे आणि उत्तराची सुरुवात वडिलांच्या वाक्यापासूनच करते, कारण त्यांच्या मनातले चित्र अपुरे असले तरी ते त्यांनी कल्पनेने रंगवलेले नाही. मैदानाच्या कडेला थंड फवारा आणि तेलाची बाटली घेऊन बसलेला माणूस त्यांनी पाहिला आहे आणि आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत आजही तोच ‘फिजिओ’ म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात या कामात हात चालवण्याचा भाग थोडा आहे. दुखावलेला खेळाडू आज खेळू शकतो की नाही, सरावाला कधी परतावा, परतल्यावर पहिल्या आठवड्यात किती धावावा आणि किती उड्या माराव्या, हे ठरवणे हा त्यातला मोठा भाग आहे. हे ठरवताना खेळाडू, प्रशिक्षक, पालक आणि कधीकधी संघाचे पदाधिकारी असे सगळे समोर उभे असतात, आणि त्या सगळ्यांना एकच उत्तर हवे असते. ते उत्तर बहुतेक वेळा तुमच्याकडे नसते.

एक प्रसंग सांगते. जिल्ह्यातल्या एका कबड्डी संघाची चढाईपटू, वय १७, गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची, म्हणजे गुडघा आतून स्थिर धरणाऱ्या बंधाची, शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झालेले. आठ दिवसांवर निवड चाचणी होती. वडील म्हणाले, ‘मॅडम, पोरगी पळते की आता, मग अडचण काय?’ ती खरोखरच पळत होती आणि सूजही नव्हती. मी शाळेच्या सिमेंटच्या ओट्यासमोर खडूने रेघ ओढली आणि तिला एका पायावर उभे राहून, त्याच पायावर, जमेल तितकी लांब उडी मारायला सांगितले. तीन-तीन उड्यांतली सर्वांत लांब उडी धरली, तर चांगल्या पायावर १४८ सेंटीमीटर आले आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर १२१. म्हणजे दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या ८२ टक्के होता. खेळात परतण्यापूर्वी उडीत आणि मांडीच्या ताकदीत किमान ९० टक्के असावेत, असा आमच्या क्षेत्रात सर्वसाधारण संकेत आहे. शिवाय वळणाच्या आणि उड्यांच्या खेळात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. मला आकड्यांइतकीच तिची टेकण्याची पद्धत खटकली, कारण शस्त्रक्रिया झालेल्या पायावर उतरताना तिचा गुडघा दर वेळी आत वळत होता आणि उतरण्याआधी तिचे डोळे जमिनीकडे जात होते.

मी दोन्ही आकडे कागदावर लिहून वडिलांना आणि प्रशिक्षकांना दिले आणि चाचणीला पाठवू नये असे सांगितले. तिची निवड हुकली. अकराव्या महिन्यात ती खेळायला लागली, क्लबकडून दोन हंगाम खेळली, जिल्ह्याच्या संघात मात्र पुन्हा कधी आली नाही. त्या प्रशिक्षकांनी पुढची दोन वर्षे माझ्याकडे एकही मुलगी पाठवली नाही. हा प्रसंग यशोगाथा म्हणून सांगितलेला नाही. पहिल्या पाच वर्षांत असे प्रसंग दर हंगामाला येतात, आणि ते सोसवणार नसतील तर पाठदुखी आणि मानदुखीचा दवाखाना चालवण्यात काहीही कमीपणा नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असावे, एवढ्यासाठी सांगितला.

आता हे काम शिकायचे कुठे? महाविद्यालयात शरीररचना, हालचालींचे शास्त्र, व्यायामोपचार आणि विद्युतोपचार तुम्हाला नीट शिकवले जातात. दवाखान्यात मात्र खेळाडू दुखापतीनंतर तीन दिवसांनी, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून येतो, तेव्हा दुखापतीचा पहिला तास निघून गेलेला असतो आणि खरी माहिती त्या तासातच असते. पाय कसा पडला, ‘कट’ असा आवाज झाला का, सूज दोन तासांत चढली की दुसऱ्या दिवशी सकाळी, हे कोणाच्याही लक्षात राहिलेले नसते. दोन तासांच्या आत टम्म फुगलेला गुडघा म्हणजे बहुतेकदा आत रक्त साचलेले असते आणि त्यामागे लिगामेंट तुटल्याची शक्यता मोठी असते, हे पुस्तकात एका ओळीत आहे. ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र विसरत नाही.

मुरगळलेल्या घोट्याचेच उदाहरण घ्या. खो-खो खेळलेल्या मुलीला त्याची ओळख करून द्यायला नको. मैदानावर एक्स-रे नसतो, म्हणून एक्स-रे कधी काढायचा हे ठरवणारे ओटावा नियम पाठ हवेत, आणि पाठ म्हणजे पावसात, आरडाओरड्यात, प्रशिक्षक डोक्यावर उभे असताना आठवतील इतके पाठ. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत, दाबल्यावर हाड दुखते का. तळपायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या बाजूच्या नाविक हाडावर दुखते का. आणि दुखापतीनंतर लगेच व तपासतानाही स्वतःच्या पायावर चार पावले टाकता येतात का. हाडावर दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा. नाहीतर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. या एका नियमाने गरीब घरच्या मुलांचे किती पैसे वाचतात आणि किती मोडलेली हाडे मुरगळ समजून चोळली जाण्यापासून सुटतात, हे एखाद्या जिल्हास्तरीय स्पर्धेत दोन दिवस बसल्यावर समजते.

डोक्याच्या माराबाबत मी कोणाचेच ऐकत नाही. कबड्डीच्या पकडीत दोन डोकी आपटतात, मुलगा क्षणभर सुन्न होतो, कोणीतरी तोंडावर पाणी मारते आणि तो पुन्हा उभा राहतो. मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, हा आंतरराष्ट्रीय सहमतीचा नियम आहे. त्यात अंतिम सामना, शेवटची पाच मिनिटे, समोर बसलेले पाहुणे यांपैकी कशालाही सूट नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यातला गोंधळ दिसला तर थेट रुग्णालय.

बर्फाबद्दलही दोन शब्द, कारण त्यावर वाद घालणारे तुम्हाला दोन्ही बाजूंनी भेटतील. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी मांडले आणि पुढे त्यांनी स्वतःच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांविषयीचे आपले मत बदलले. २०१९ पासून भर आहे तो सुरुवातीचे एक-दोन दिवस जपून, नंतर लवकर आणि मोजूनमापून भार देण्यावर. मी आजही बर्फ कारखान्यातून किलोवर घेऊन थर्माकोलच्या खोक्यात नेते, कारण वेदना कमी करायला तो स्वस्त आहे. पण बर्फाने पेशी लवकर सांधतात असे मी कोणाला सांगत नाही.

आता माझी एक चूक. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एका खासगी दवाखान्यात नोकरीला होते. सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहून लांब पल्ल्याचे धावणारी एक मुलगी नडगीच्या दुखण्यासाठी आली. मी ते नेहमीचे नडगीचे दुखणे धरले, तीन आठवडे अल्ट्रासाऊंड आणि आयएफटी, म्हणजे ध्वनिलहरींचे आणि सौम्य विद्युतप्रवाहाचे उपचार, दिले आणि हळू धावत राहायला हरकत नाही असेही सांगितले. एक्स-रे स्वच्छ होता, त्यामुळे मी निश्चिंत होते. चौथ्या आठवड्यात ती लंगडत आली. अस्थितज्ज्ञांनी एमआरआय सांगितला आणि नडगीच्या हाडाला ताणाने पडलेली चीर दिसली. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. साधे दुखणे हाडाच्या आतल्या कडेवर पाच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक लांबीवर पसरलेले असते, आणि चिरेचे दुखणे खेळाडू एका बोटाने दाखवतो. तिने पहिल्याच दिवशी एका बोटाने दाखवले होते. माझ्या वहीत तसे लिहिलेलेही होते. मी लिहिले आणि वाचले नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. तिची पाळी सात महिन्यांपासून बंद होती आणि ती दिवसातून दोन वेळा भाकरी-भाजी खाऊन आठवड्याला ७० किलोमीटर धावत होती. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न मिळाले नाही की शरीर आधी पाळी आणि नंतर हाडे यांवरचा खर्च कमी करते. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या स्थितीला ‘रेड-एस’ असे नाव दिले. ती हे सांगायला लाजत नव्हती. मी विचारलेच नव्हते, आणि मी स्वतः बाई असूनही विचारले नव्हते. तेव्हापासून माझ्या तपासणी-पत्रकात पाळी, जेवण आणि झोप हे तीन रकाने दुखण्याच्या रकान्याच्या वर आहेत. तुमच्यासारख्या मुलींची या क्षेत्रात किती गरज आहे हे यावरून लक्षात यावे, कारण आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या धावपटू मुली पुरुष फिजिओला यातले काही आपणहून सांगत नाहीत.

शिक्षणाबद्दलचे उत्तर थोडे तुमच्या अपेक्षेविरुद्ध आहे. एमपीटीएच जरूर करावे, परंतु इंटर्नशिप संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात नव्हे. आधी किमान एक वर्ष, शक्य तर दोन, अशा रुग्णालयात काम करा जिथे अस्थिशस्त्रक्रिया होतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा गुडघा आणि सहाव्या आठवड्यातला गुडघा यांत काय फरक असतो हे हाताला कळेल. सोबत आठवड्यातले चार दिवस पहाटे एखाद्या मैदानावर जा. हा अनुभव घेऊन एमपीटीएचला गेलेली मुले वर्गात प्रश्न विचारतात. न घेता गेलेली मुले टिपणे काढतात. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात क्रीडा शाखा मिळाली तर उत्तम, पण मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे स्नायू आणि हाडांची, शाखा मिळाली म्हणून वर्ष वाया घालवू नका. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठात क्रीडा-फिजिओथेरपीची जुनी परंपरा आहे, तिकडेही अर्ज करून पाहावा. पदवीनंतर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय कोणाच्याही अंगाला हात लावू नका. घरात धाकटे भावंड याच वाटेने येणार असेल तर त्याला सांगा की आपल्या राज्यात हा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, आणि २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रमाची रचना बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या म्हसरूळलाच आहे, तेव्हा शंका असेल तर ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा तिथे जाऊन विचारणे सोपे.

शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांचा मोह मात्र आवरा. टेपिंग, सुया, कपिंग अशा प्रत्येकाचे प्रमाणपत्र मिळते आणि भिंत भरते. मी पैसे घालायला सांगेन ते आधी जीवरक्षक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात, म्हणजे छातीदाब आणि शॉक देणारे यंत्र वापरण्याच्या प्रशिक्षणात, आणि ते दर दोन वर्षांनी पुन्हा करावे. मैदानावर कोसळलेल्या मुलाला तुमच्या टेपचा उपयोग नसतो.

औषधांचे पथ्यही आत्ताच शिकून घ्या. इंजेक्शन देणे किंवा गोळी लिहून देणे हे आपले काम नाही, पण खेळाडू काय घेतो हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे, आणि २०२२ पासून स्टेरॉइडची सर्व इंजेक्शने, अगदी सांध्यात दिलेलीसुद्धा, स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहेत. सामन्याआधी ‘एक सुई मारून घेऊ’ असे कोणी म्हणाले तर तिथे तुम्ही उभ्या असणे महत्त्वाचे आहे, कारण उत्तेजकविरोधी नियमांत संघासोबतच्या सहाय्यकांवरही कारवाई होऊ शकते.

आता पैसे. नाशिकमध्ये नव्या पदवीधराला खासगी दवाखान्यात महिन्याला साधारण १५ ते २० हजार मिळतात, असे माझ्याकडे आलेल्या मुलामुलींच्या बोलण्यातून कळते, आणि ही रक्कम कमी आहे याबद्दल माझे दुमत नाही. संघासोबतची कामे बहुतेक हंगामी करारावर असतात. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आणि महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून अशी कामे वाढली आहेत. पण दोन-तीन महिने बॅगेवर जगायचे, रात्री अकरापर्यंत खेळाडूंचे पाय पाहायचे आणि हंगाम संपला की पुढच्या कराराची वाट पाहायची, असे त्याचे स्वरूप आहे. घर चालवणारा पैसा वेगळ्याच दारातून येतो. तो येतो गंगापूर रोडवरून पहाटे धावणाऱ्या पंचेचाळिशीतल्या व्यावसायिकाकडून आणि रविवारी त्र्यंबकेश्वरला सायकलने जाऊन येणाऱ्या मंडळींकडून. महाजन बंधू या नाशिकच्या दोन डॉक्टरांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. त्यानंतर माझ्याकडे सायकल घेऊन येणारे वाढले, आणि त्यांच्या गुडघ्याआधी मी त्यांची सायकल तपासते. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते, फार वर असेल तर मागे, आणि निम्म्या लोकांचे काम पान्याने होते. त्यांच्याकडून मी पूर्ण शुल्क घेते. वसतिगृहातल्या मुलीकडून घेत नाही. हा हिशेब पहिल्या वर्षी जुळत नाही, माझा चौथ्या वर्षी जुळला.

नाशिक सोडावे का? एमपीटीएच आणि संघासोबतचे एक-दोन हंगाम यांसाठी सोडावेच लागेल, आणि पुण्यात बालेवाडी क्रीडासंकुलाच्या आसपास जे पाहायला मिळेल ते इथे मिळणार नाही. पण शिकण्याची सुरुवात करायला नाशिक फार चांगले गाव आहे, आणि हे मी गावाच्या प्रेमाने म्हणत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात १३ वे आले. त्यांच्या मागून आलेली पोरे भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर आणि गोदावरीच्या पात्रात रोज सरावाला असतात. धावणाऱ्यांची नडगी, वल्हवणाऱ्यांची कंबर आणि बरगड्या, फिरकी आणि वेगवान गोलंदाजांचे खांदे व पाठ, कबड्डी-खो-खोचे गुडघे हे सगळे पाच-सात किलोमीटरच्या परिघात पाहायला मिळते. मोठ्या शहरात यासाठी चार लोकल बदलाव्या लागतात.

तेव्हा इंटर्नशिपची वाट न पाहता याच हंगामात सुरुवात करा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपले गोल्फ क्लब, किंवा तुमच्या जुन्या खो-खो संघाचे मैदान निवडा आणि प्रशिक्षकांची परवानगी घेऊन पहाटे पावणेसहाला कडेला उभ्या राहा. पहिले दोन महिने बॅग नेऊ नका आणि कोणी पाय पुढे केला तरी उपचार करू नका, कारण अजून तुमची नोंदणी झालेली नाही. वही न्या. कोण कोणत्या पायावर वळतो, कोण सरावाच्या शेवटी पाय ओढतो, कोणी न सांगता वॉर्मअप टाळला, एवढेच लिहा आणि शेजारी तारीख घाला. दोन महिन्यांनी त्यांतले कोण दुखावले ते पाहा आणि वही माझ्याकडे घेऊन या. येताना वडिलांनाही आणा. शनिवारी दुपारी चारनंतर मी उड्यांच्या चाचण्या घेते, त्यांना खडूची रेघ ओढायला बसवू.